हजेरीचं पान

मृणालिनी : म्हणजे मशीन बिघडलं नव्हतंच. तुम्ही थांबवलंत.

तुकाराम : हो मॅडम. मीच.

मृणालिनी : पण प्रेसवाला हमदुल्ला काल फोनवर म्हणाला, प्लेटवर स्क्रॅच आलाय, शनिवारी सकाळी नवीन प्लेट करून लगेच चढवतो...

तुकाराम : स्क्रॅच आला नाय. मी मारला. लॉकरच्या चावीनं. फोरमनला सांगितलं, प्लेट खराब आली.

मृणालिनी : तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय? येत्या गुरुवारी प्रकाशन आहे. हॉल बुक आहे, मुंबईहून पाहुणे यायचेत, त्यांचा व्हिसासुद्धा झालाय. आणि तुम्ही माझ्या पुस्तकाची प्लेट खरवडून, वर शुक्रवारी सकाळी माझ्याच घरी येऊन मला ते सांगताय?

तुकाराम : आज सुट्टी, म्हणून आज. उद्या सातला ती प्लेट चढणार. अल क्वोजला राहतो, तिथून बस लवकर मिळाली नाय, नायतर अजून आधी आलो असतो. पत्ता जॉब कार्डावर होता. देवळामागची गल्ली, एवढंच लक्षात ठेवून विचारत आलो.

मृणालिनी : नाव काय म्हणालात?

तुकाराम : तुकाराम सोनू पांचाळ. राजापूरकडचा. बारा वर्षं झाली इथं आखातात, त्या प्रेसमध्ये. अख्ख्या प्रेसमध्ये मराठी वाचणारा मी एकटा, म्हणून तुमचं काम माझ्या मशीनवर दिलं. बाकीच्यांना अक्षर उलटं पडलं तरी कळायचं नाय.

मृणालिनी : अहो, त्या पुस्तकात अक्षरं उलटीच आहेत! तेच तर आहे ते. माझ्या आजोबांनी, त्र्यंबकरावांनी, एकोणीसशे वीस साली पुण्यात 'उफराटा' मासिक काढलं. तिरप्या ओळी, फोडलेले शब्द, एका पानावर तर नुसते काने आणि मात्रा. तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं, आणि आज युनिव्हर्सिटीत त्यावर पेपर वाचतात. चारच अंक निघाले. ते जसेच्या तसे पुन्हा छापायचे म्हणून मी तीन वर्षं राबतेय, ऑफिस सांभाळून. तुम्हाला प्लेट चुकलीय असं वाटलं असेल तर...

तुकाराम : प्लेट नाय चुकली मॅडम. पान चुकलंय. एकशे बारा नंबरचं.

मृणालिनी : 'हजेरी'?

तुकाराम : हां. तेच.

मृणालिनी : ते चुकणं शक्य नाही. म्हणजे, चुकलं की बरोबर हे कोणी सांगूच शकत नाही. चौथा अंक जगात कुठे नाही. छापून झाला त्याच दिवशी पोलिसांनी गठ्ठेच्या गठ्ठे उचलले आणि जाळले. मी पुण्याला लिहिलं, मुंबईला लिहिलं, लंडनच्या लायब्ररीलासुद्धा लिहिलं. नाही म्हणजे नाही. आजोबांनी म्हातारपणी ते पान आठवून आठवून माझ्या वडिलांना सांगितलं, म्हणून निदान तेवढं राहिलं.

तुकाराम : त्यांना पंधरा नावं आठवली. होती एकोणीस.

मृणालिनी : काय?

तुकाराम : डावीकडं नाव, उजवीकडं 'हजर'. अशा एकोणीस ओळी. मानमोडीच्या तापाच्या साथीत एका गल्लीतली एकोणीस माणसं गेली, त्यांची हजेरी. तुमच्याकडं तिसरी ओळ 'रखमा सोनारीण' आहे. ती सोनारीण नव्हे, साळीण. रखमा साळीण. तिच्यानंतर तिचा दीर पाहिजे, धोंडू साळी, तो तुमच्यात नायच. हणमंत भिस्ती नाय. काशी आणि तिची मुलगी, दोघी नायत. खाली मात्र बरोबर आहे. 'सरकार', आणि त्याच्यासमोर अक्षरांचे खिळे उलटे बसवून 'गैरहजर'.

मृणालिनी : तुम्ही हे कुठे वाचलंत?

तुकाराम : वाचलं नाय. येतं मला. सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडं पितरांना जेवणाची वाडी दाखवली की ही नावं म्हणतात. आजानं बापाला शिकवली, बापानं मला. अल क्वोजच्या रूमवर मी दर वर्षी म्हणतो. बाजूच्या खाटेवरचा मल्याळी विचारतो, ये कौन सा मंत्र है.

मृणालिनी : तुमचे आजोबा...

तुकाराम : भिकाजी. 'उफराटा'चा जुळारी. तुमच्या आजोबांनी कागदावर लिहायचं, माझ्या आजानं खिळे जुळवायचे. ओळ तिरपी करा म्हणणं सोपं असतं मॅडम, लोखंडाच्या चौकटीत शिशाचा खिळा तिरपा उभा करून दाखवा. तो ते करायचा. आणि 'हजेरी'चं पान तर त्यानं कागदावर लिहिलंच नाय. सरळ खिळ्यांत जुळवलं. ते त्याचं पान आहे.

मृणालिनी : एक मिनिट. तुमच्या आजोबांनी ते कंपोझ केलं, बरोबर आहे, करणारच. म्हणून त्यांना पाठ असेल. त्यावरून ते त्यांनी लिहिलं असं होत नाही.

तुकाराम : नऊ नंबरची ओळ बघितलीत तुम्ही? तुमच्याकडं सात नंबरला आहे.

मृणालिनी : रिकामी ओळ. बघितलीत काय विचारता, त्या ओळीवर माझ्या वडिलांनी, आप्पांनी, प्रस्तावनेत दोन पानं लिहिलीत. नाव नाहीच, नुसतं समोर 'हजर'. मराठी कवितेतलं पहिलं मौन, असं म्हटलंय त्यांनी. कवीने जागा मोकळी सोडली, वाचकाने स्वतःचं नाव तिथे ठेवावं म्हणून.

तुकाराम : वाचलं मी ते. छापता छापता वाचलं. चांगलं लिहिलंय. पण ती मोकळी जागा नाय मॅडम. ते बाळ आहे. माझ्या आजीचं पहिलं. आठ दिवसांचं होऊन गेलं. बारशाला चार दिवस होते, नाव ठेवायचं राहिलं. तर आजानं तेवढी जागा सोडली आणि पुढं 'हजर' जुळवलं. आमच्याकडं नावं म्हणताना तिथं आल्यावर थांबतात, श्वास घेतात, आणि पुढं जातात.

(मृणालिनी टेबलावरचं प्रूफ ओढून ते पान उघडते.)

तुकाराम : पाणी मिळेल काय जरा?

मृणालिनी : हो. हे घ्या. बसा ना, उभे का राहिलात... हे बघा तुकारामभाऊ, तुमच्या घरात जे सांगत आले त्याचा मी अपमान करत नाही. पण माझ्याही घरात काही सांगत आलेत. त्या पानासाठी केस झाली, मासिक बंद पडलं, आजोबांचं आयुष्य गेलं त्यात.

तुकाराम : केस कोणावर झाली?

मृणालिनी : मासिकावर. राजद्रोहाची. काही सहकाऱ्यांना तुरुंगवासही झाला, आप्पांनी तसं स्पष्ट लिहिलंय. आम्ही काही लपवलेलं नाही.

तुकाराम : 'काही सहकारी' म्हणजे माझा आजा. एकटा. नऊ महिने, सक्तमजुरी. कोर्टात तुमच्या आजोबांनी सांगितलं, हे पान माझं नव्हे, मी ते पाहिलंही नव्हतं, जुळाऱ्यानं माझ्या नकळत घुसवलं. आदल्या दिवशी प्रूफ त्यांनी स्वतः वाचलं होतं. एक काना हलवू नकोस भिकाजी, म्हणाले होते. शिक्षेपुरतं ते पान आमचं होतं मॅडम. पुढं सत्कार सुरू झाले तेव्हा परत तुमचं झालं.

मृणालिनी : मग तुमच्या आजोबांनी कोर्टात का नाही सांगितलं, यांनी प्रूफ पाहिलंय म्हणून?

तुकाराम : बापानं पण हेच विचारलं होतं त्याला. तर म्हणाला, मी आत गेलो तर दुसरा जुळारी मिळेल, संपादक आत गेला तर अंक कोण काढणार? अंक निघाला पाहिजे. असा माणूस. पुढं अंक कोणी काढलाच नाय.

मृणालिनी : तुम्हाला नक्की काय हवंय? स्पष्ट बोला. पुस्तकात नाव? पैसे?

तुकाराम : पैसे मागायला आलो असतो तर प्लेट कशाला खरवडली असती? पान बरोबर छापा. एकोणीस ओळी, आणि खाली ज्याचं त्याचं नाव. नायतर ते पान काढून टाका. चुकीचं छापू नका.

मृणालिनी : आणि मी नाही म्हटलं तर? मी आत्ता हमदुल्लाला फोन करून सांगितलं, तुमच्या माणसाने मुद्दाम माझी प्लेट खराब केली, तर काय होईल याचा विचार केलात?

तुकाराम : व्हिसा कॅन्सल. उद्याच. पासपोर्ट कंपनीकडंच आहे, ते तिकीट काढून हातात देतील. धाकटीचं लग्न वैशाखात ठरलंय, ते पुढं ढकलावं लागेल. बसमध्ये हेच सगळं मनात चाललं होतं. वाटेत करामाला उतरून परत जावंसं पण वाटलं.

मृणालिनी : तरी आलात.

तुकाराम : माझ्याच हातानं छापायचं होतं ना ते. दुसऱ्याच्या मशीनवर गेलं असतं, तर मला कळलंही नसतं. शाई लावली, पहिली शीट ओढली, आणि बाळाच्या ओळीखाली तुमच्या आजोबांचं नाव बघितलं. हात चालेना. काय करणार?

मृणालिनी : सॉरी. खरंच सॉरी. पण माझे वडील त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, दोन अटॅक येऊन गेलेत, आतल्या खोलीत झोपलेत. त्यांनी जन्मभर या पुस्तकाची वाट पाहिलीय. तुमच्या तोंडी सांगण्यावरून मी त्यांच्या वडिलांना चोर ठरवू? पुरावा काय तुमच्याकडे? एक कागद? एक चिठ्ठी?

तुकाराम : कागद नाय. सगळं सांगितलं तुम्हाला.

मृणालिनी : मग मला हमदुल्लाशी बोलू द्या.

(ती रिसीव्हर उचलून नंबर दाबू लागते. आतल्या खोलीचं दार उघडतं. आप्पा चौकटीला धरून उभे.)

आप्पा : ठेव तो फोन.

मृणालिनी : आप्पा, तुम्ही का उठलात? काही नाही, प्रेसचं काम आहे. तुम्ही पडा जाऊन.

आप्पा : फोन ठेव, मृणाल. मघापासून ऐकतो आहे मी. भिंती कुठे आहेत तुमच्या या घरांना... तुम्ही भिकाजींचे नातू?

तुकाराम : हो साहेब.

आप्पा : त्यांच्या डाव्या हाताला अंगठा नव्हता.

तुकाराम : साहेब, हे तर मी यांना सांगितलंच नाय. तुम्हाला कसं...

मृणालिनी : आप्पा?

तुकाराम : तुरुंगात दगड वाहताना चेंगरला. जुळाऱ्याचा डावा अंगठा गेला की खलास. स्टिकमध्ये खिळे भरत जायचे तर त्याच अंगठ्यानं धरून ठेवावे लागतात. सुटून आला आणि गावाला जाऊन लोकांच्या बागा राखल्या. पण तुम्हाला कुठून कळलं?

आप्पा : मी पाहिलाय तो हात. छत्तीस साल. बारा वर्षांचा होतो मी, दिवाळीची सुट्टी होती. दारात एक गृहस्थ आले. धोतर स्वच्छ, पायात काही नाही, बरोबर माझ्यापेक्षा थोडा मोठा मुलगा.

तुकाराम : तो माझा बाप. सोनू.

आप्पा : असेल. मी पाण्याचा तांब्या दिला, तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, आणि मला तो हात दिसला. म्हणाले, त्र्यंबकरावांना सांगा, भिकाजी जुळारी आलाय. मी आत गेलो. बाबा झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, घरी नाहीत म्हणून सांग. झोपाळ्याची कडी करकरत होती हो, ती बाहेर ऐकू जात होती. मी जाऊन सांगितलं, बाबा घरी नाहीत.

मृणालिनी : तुम्ही हे कधीच बोलला नाहीत.

आप्पा : ते रागावले नाहीत. मला म्हणाले, बाळ, मला काही मागायचं नाही. चौथ्या अंकाची एखादी प्रत घरात असेल तर एकदा ते पान बघायचं होतं. फर्मा मशीनवर चढला आणि त्याच वेळी मला नेलं. छापलेलं मी पाहिलंच नाही. त्यातली एक ओळ सरळ बसली की हलली, एवढंच बघायचं आहे.

तुकाराम : आमच्यात एवढंच सांगायचे, की पुण्याला एकदा जाऊन आला, कोणी भेटलं नाय.

मृणालिनी : पण प्रत कुठे होती आप्पा? प्रती सगळ्या पोलिसांनी नेल्या होत्या.

आप्पा : एक होती.

मृणालिनी : आप्पा...

आप्पा : कपाटात, पंचांगांच्या खाली. त्या संध्याकाळी बाबांनी ती काढली. मी अभ्यास करत बसलो होतो. पुष्कळ वेळ तेच पान उघडं धरून बसले. मग न्हाणीघरात गेले आणि बंबात घातली. मला म्हणाले, कोणाला बोलू नकोस. मी नाही बोललो. एकसष्ट वर्षं.

मृणालिनी : मी लंडनला पत्रं पाठवली. सुट्टीत मुलांना टाकून पुण्याच्या तळघरात धूळ खात बसले, दोनदा न्यूमोनिया झाला मला. प्रत्येक नकार मी तुम्हाला वाचून दाखवायचे, आणि तुम्ही म्हणायचात, शोध, मिळेल कदाचित! तुम्हाला माहीत होतं आप्पा. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात आणि तुम्हाला माहीत होतं.

आप्पा : हो.

मृणालिनी : आणि ते मौन? प्रस्तावनेतली दोन पानं? तेही माहीत होतं?

आप्पा : ते नव्हतं माहीत, शपथ घेतो. ती ओळ मला कधी समजलीच नाही. बाबांना विचारलं तर म्हणायचे, कवितेला अर्थ विचारायचा नसतो. मी विद्वान माणूस, मी अर्थ तयार केला. आज आत पडून या गृहस्थांचं ऐकलं... आठ दिवसांचं बाळ. आणि मी काय काय लिहून ठेवलंय त्याच्यावर.

तुकाराम : साहेब, बसा तुम्ही. घामाघूम झालात.

आप्पा : थांबा. बसतो. आधी एक ऐका. ती प्रत जाळायच्या आधी बाबा दिवा लावायला उठले, तेव्हा मी डोकावून ते पान पाहिलं होतं. तेवढंच, मिनिटभर. नावं लक्षात नाहीत. पण पानाचं रूप अजून डोळ्यांपुढे आहे. बाकीच्या ओळींत एखादं अक्षर खालीवर झालं होतं, छपाई काही फार चांगली नव्हती. त्या नाव नसलेल्या ओळीतला 'हजर' मात्र अगदी ओळंब्यात होता. हललेला नव्हता. हे तुमच्या आजोबांना सांगायला हवं होतं मी. दारातच सांगता आलं असतं, दुसऱ्या दिवशी धावत जाऊन सांगता आलं असतं. आता तुम्हाला सांगतो.

तुकाराम : हलला नव्हता.

मृणालिनी : तुकारामभाऊ...

तुकाराम : काय नाय मॅडम. बापाला सांगायला पाहिजे होतं हे. मागच्या गणपतीत गेला.

आप्पा : मृणाल, प्रस्तावना माझी आहे. ती मीच पुन्हा लिहितो. दुपारपर्यंत देतो.

मृणालिनी : काय लिहाल?

आप्पा : आत्ता जे बोललो ते.

मृणालिनी : बंबाचंही?

आप्पा : बंबाचंही. तुला लाज वाटेल गुरुवारी, चार माणसांत.

मृणालिनी : वाटेल. वाटू दे. आणि माझा राग गेलाय असं समजू नका, आप्पा. तो एवढ्यात जायचा नाही... नंबर काय होता त्याचा? हां. हॅलो, हमदुल्लाभाई? हां, मृणालिनी. माफ करना, जुम्मे के दिन सुबह सुबह तकलीफ दी. सुनिए, कल वो प्लेट मत चढाइए... नहीं नहीं, प्लेट का प्रॉब्लेम नहीं है. गलती हमारी तरफ से थी, पन्ना ही गलत दिया था मैंने... आपका जो आदमी है न, मराठीवाला, तुकाराम, अच्छा हुआ उसने रोक दिया... हां, उसी को बोलिए, मेरे साथ बैठ के ठीक करवाएगा. और शुरू के चार पन्ने भी बदलेंगे... छप गए, मालूम है. निकालने पडेंगे... गुरुवार? सच बोलिए... नहीं होगा. इन्शाल्ला छोडिए, हां या ना बोलिए... ठीक है. नहीं तो नहीं. शुक्रिया.

तुकाराम : मॅडम, तुम्ही माझं नाव...

मृणालिनी : काही बोलू नका. इथे टेबलाशी या. मी कागद घेते. पहिल्या नावापासून सांगा, सावकाश. र्‍हस्व-दीर्घ कसं होतं तेही.

आप्पा : पण गुरुवारी पुस्तक नसेल ना? हॉल भरेल, पाहुणे येतील. काय सांगशील त्यांना?

मृणालिनी : सांगेन, चौथा अंक छापून व्हायचाय अजून.